ब्रेकबाईची सवत

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्याचं सोंग ती वर्षानुवर्षं इमानेइतबारे वठवत आली होती. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. तिचा उजवा पाय त्या ब्रेकवर इतकी वर्षं राहिला होता, की तो आता तिचं ऐकेनासा झाला होता. बसमध्ये पुढे कुणी आडवं आलं की पाय दाबला गेलाच म्हणून समजा. सिनेमात गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की शेजारचा प्रेक्षक दचकून तिच्याकडे बघायचा. नवऱ्याच्या गाडीत तिच्या बाजूच्या चटईला भोक पडलं होतं, आणि आल्यागेल्या पाहुण्याला ते भोक दाखवण्यात नवऱ्याला कोण आनंद व्हायचा.

या धंद्यात ती आली होती फक्त टेलिफोन उचलायला. एके दिवशी शिकवणारे मास्तर आले नाहीत, दारात शिकाऊ मंडळी तिष्ठत उभी, आणि मालक कपाळाला हात लावून बसलेला. "मला येते गाडी," ती म्हणाली. तेव्हापासून ती त्या सीटवर बसली ती बसलीच. ज्यांचे हात स्टिअरिंगवर थरथरत अशा किती जणांना तिने सरळ केलं याची गणतीच नाही. आपण कुणालाही काहीही शिकवू शकतो, असा तिचा समज झाला होता. त्या समजाचं भूत उतरवायला घरात एक मासा आला.

मासा नवऱ्याने आणला. नवरा बंदरावरच्या क्रेनचा तंत्रज्ञ. अजस्र यंत्रांत आयुष्य काढलेल्या माणसाला मुठीएवढ्या जिवाचं वेड लागावं याचं तिला आधी हसू आलं. त्याने दिवाणखान्यात एक काचेची टाकी बसवली, मीठ मोजून खारं पाणी केलं, दगडांच्या कपारी रचल्या, आणि मग एका पिशवीतून हे ध्यान घरात आणलं. सिंहमासा, तोही बुटक्या जातीचा. अंगावर तपकिरी-तांबूस पट्टे, बाजूला पंख्यासारखे पसरलेले पर, डोळ्यांवर दोन तुरे, आणि पाठीवर विषारी काट्यांची रांग. "हात घालायचा नाही हं," नवरा लाडाने म्हणाला, "काटा लागला तर ठणका ब्रह्मांड आठवेल असा." इतकं कौतुक त्याने तिच्या एखाद्या गुणाचं कधी केलं नव्हतं. मासा नर की मादी ते दुकानदारालाही सांगता आलं नव्हतं, पण नवऱ्याची नजर बघून तिने निकाल लावून टाकला. ही सवत.

सवत दिवसभर कपारीत उलटी टांगून घेऊन पडायची आणि दिवेलागणीला बाहेर यायची. नवरा खुर्ची ओढून समोर बसायचा. असे दोनेक महिने गेले, आणि त्याला दूरच्या एका बंदरावर नव्या क्रेन उभारायला पाठवलं. सहा महिन्यांसाठी म्हणून गेला. मग मुदत वाढली. मग आणखी वाढली. घरात उरल्या ती, सासूबाई आणि सवत.

त्याचा फोन रोज संध्याकाळी यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "ती जेवली का?" मग पाण्याची चौकशी. पाणी आटतं तेव्हा मीठ आटत नाही, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, हे त्याने तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिने ते झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. मग "आई बरी आहे ना?" आणि मग, वेळ उरलाच तर, "बाकी काय?" त्या बाकीत ती होती.

ती तरी काय सांगणार! "बाकी ठीक," म्हणायची. "या, मला करमत नाही," हे शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच थांबायचे. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या उभ्या चार घास गिळायची. सासूबाई लवकर जेवून घेत, आणि एकटीसाठी ताट वाढून बसायचं तिच्या जिवावर यायचं. जेवणाचं टेबल हळूहळू इस्त्रीच्या कपड्यांनी भरून गेलं.

मध्ये तिला तापाने झोपवलं. नवरा फोनवर म्हणाला, "अगं, गोळ्या घे वेळेवर. रजेचं इथे काही खरं नाही." सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हाही रजेचं काही खरं नव्हतं. तिने तोंडातून ब्र काढला नाही. माणसाचं काम असतं, असं तिने स्वतःलाच बजावलं, आणि बजावता बजावता दात आवळले.

आणि मग मासेवाल्याकडे माशी शिंकली.

मासेवाला म्हणजे ज्याच्या दुकानातून ती सवतीचं जेवण आणायची तो. सवत जिवंत कोळंबी खायची, बोटाच्या पेराएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी. खाऊ घालायचं काम सोपं होतं. कोळंबीचा पेला टाकीत उपडा करायचा आणि आपल्या कामाला लागायचं. पुढची शिकार सवत आपल्या सवडीने करायची. एके दिवशी मासेवाला म्हणाला, "बाई, जिवंत कोळंबी बंद. जिथून यायची तिथलं तळंच बुजवलं. आता गोठवलेली शिकवा."

"शिकवा म्हणजे?"

"बर्फ वितळू द्यायचा, तुकडा काडीच्या टोकाला लावायचा आणि तिच्या नाकासमोर हलवायचा. जिवंत आहे असं वाटलं पाहिजे. तुम्हाला काय अवघड? तुम्ही तर शिकवणाऱ्याच!"

ती काडी घेऊन घरी आली. टाकीसमोर खुर्ची टाकून बसली, काडी पाण्यात सोडली, तुकडा हलवला. सवत कपारीतून बाहेर आली. पर पसरले. डोळे तुकड्यावर खिळले. इंचाइंचाने पुढे सरकली, अंग ताणलं, झेप घेतली, आणि झेपेतच कशाला तरी बिचकून गर्रकन मागे वळली. सरळ कपारीत. तुकडा काडीवर तसाच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. प्रत्येक वेळी नवी नवरी लाजावी तशी ही बया ऐन वेळी मागे फिरायची. तिने तुकडा लहान केला, मोठा केला. काडी बदलली. खोलीतला दिवा विझवला, टाकीतला विझवला, दोन्ही लावले. लाल कपडे नको म्हणून पांढरे घातले. गोड बोलून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या. "अगं भवाने, गिळ ना! तुझ्या बापाचं काय जातंय?" सवतीने मुळीच दाद दिली नाही. पाण्यात पडलेले तुकडे सडू नयेत म्हणून ते चिमट्याने काढायचे, काढताना काट्यांपासून हात सांभाळायचा, पाणी बदलायचं, लादी पुसायची. तिच्या अगदी नाकी नऊ आले.

घरातली ही तऱ्हा, तर गाडीत दुसरी. तिच्याकडे तेव्हा एक बेकरीवाला शिकायला यायचा. भला माणूस, अंगाला पावाचा वास, पण गाडी सिग्नलवरच्या रांगेच्या बुडाशी जाऊन टेकायला आली तरी ब्रेकला पाय लावायचा नाही.

"अहो, समोर बघा! ब्रेक कोण लावणार?"

"तुम्ही लावताच की, बाई," तो अगदी मनापासून म्हणाला.

त्या दिवशी ती गाडीतून उतरून पदपथावर जाऊन दहा मिनिटं उभी राहिली. जिच्याकडून माणूस शिकत नाही आणि मासाही शिकत नाही, तिने स्वतःला शिक्षक म्हणवून घ्यावं तरी कशाला!

घरी सासूबाईंचंही काहीतरी बिनसलं होतं. पूर्वी त्या संध्याकाळी खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून शेंगा सोलत, दिवसभरच्या गोष्टी सांगत. कानातलं ऐकायचं यंत्र त्या रोज संध्याकाळी काढून ठेवायच्या, कान दुखतो म्हणून. तेव्हा त्यांचं बोलणं एकतर्फीच चालायचं, पण चालायचं. आता त्या मिठाची गुळणी धरून बसू लागल्या होत्या. ती टाकीसमोर बसली की पाचेक मिनिटांत शेंगांची परात उचलून आत निघून जायच्या. ही आणखी एक रुसली, असं मनात म्हणून ती काडी हलवत राहायची.

सवतीचं पोट आत जाऊ लागलं तेव्हा तिने नवऱ्याला खरं ते सांगितलं. पलीकडे नुसता हलकल्लोळ. काडी अशी धर, तशी धर, हळू हलव, जोरात हलव. समोर असता तर तिने ती काडी त्याच्याच हातात दिली असती. शेवटी तो म्हणाला, "हे बघ, हा आठवडाभर नाही खाल्लं, तर मी रजा टाकून येतो."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रजा मिळते?" तिने विचारलं.

"मिळवेन गं. जिवाचा प्रश्न आहे."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ताप आला तेव्हा तिच्या अंगात काय होतं, जीव नव्हता? त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा? तिने भांडी घासायला घेतली आणि अशी घासली की एका पातेल्याचा कान निखळून हातात आला. पण खरी तिडीक पुढेच होती. कारण रागाच्या तळाशी तिला सरळ दिसत होतं, की तो यावा असं तिला वाटत होतं. फार वाटत होतं. माशासाठी का होईना, पण दारात बॅग ठेवून आत यावा. आणि आता हिशेब असा झाला, की सवत जेवली तर नवरा येणार नाही, सवत मेली तर यायचं कारणच संपलं, आणि सवत उपाशी राहिली तरच तो येणार. बाईने करावं तरी काय? आठवडाभर काडी कपाटात ठेवून स्वस्थ बसली असती तरी कुणाला कळलं नसतं.

एक दिवस तिने तसं करूनही पाहिलं. काडीला हात लावला नाही. वर्तमानपत्र उघडून बसली. दिवेलागणीला सवत कपारीतून बाहेर आली, काचेला नाक लावून तिच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि पर हलवत राहिली. पोट खपाटीला गेलेलं, डोळे मात्र तिच्यावर. ती वर्तमानपत्राच्या आड तोंड लपवून बसली, पण एक ओळ डोक्यात शिरेल तर शपथ. "बघतेस काय अशी? तुझ्यामुळे तरी येतोय तो, राहा उपाशी!" ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला स्वतःची शरम वाटली. उपाशी जिवाला उपाशी ठेवून नवऱ्याला बोलवायचं, इतकी वेळ आली होती का आपल्यावर? ती उठली, बर्फातला तुकडा काढला आणि काडी घेऊन पुन्हा खुर्चीवर बसली.

सवत पुढे आली. पर पसरले. झेप, बिचकणं, कपार. पुन्हा तेच.

"झालं! पुन्हा तेच!" ती किंचाळली आणि काडी फेकून देऊन रडायलाच लागली. चांगली मोठ्याने, नाक ओढत.

आरामखुर्चीत सासूबाई परात घेऊन उठायच्या बेतात होत्या. सुनेला रडताना बघून त्या पुन्हा बसल्या. कानात यंत्र घातलं. मग म्हणाल्या, "एक विचारू? माझं काय चुकलं ते एकदा सांगून टाक. हे रोजचं पाय आपटणं मला सोसवत नाही."

"कोण पाय आपटतं?"

"कोण म्हणजे? तू! रोज त्या माशासमोर बसतेस आणि मी इथे बसले की धाडदिशी पाय आपटतेस. कानाला ऐकू येत नसलं तरी तळपायाला कळतं गं. शेंगा परातीत उडतात."

ती रडायची थांबली. डोळे पुसत खाली आपल्या पायाकडे पाहू लागली. घराची जमीन फळ्यांची, जुनी. कुणी भरभर चाललं तरी कपाटातले पेले किणकिणायचे, टाकीतलं पाणी हलायचं. समोर काच, आणि काचेपलीकडून एकाएकी काहीतरी अंगावर झेपावणार. त्या क्षणी तिचा उजवा पाय काय करत असणार, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती. इतकी वर्षं तो एकच गोष्ट करत आला होता.

"आई," ती म्हणाली, "अहो, मी ब्रेक दाबत होते."

सासूबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या हसू लागल्या. आधी हळू, मग परातीसकट हलत. "आणि मी मेली इतके दिवस जीव मुठीत धरून आत जाऊन बसतेय! म्हटलं, सुनेला माझं तोंडही बघवेनासं झालं."

"मला वाटलं तुम्हीच रुसलात."

"मी कशाला रुसू? घरात बोलायला आहे कोण दुसरं?"

पोटात ठेवलेलं असं बोलून झाल्यावर दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालं. मग सासूबाईंनीच स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं. "यावर बस. दोन्ही पाय वर घे. खाली सोडायचे नाहीत."

ती स्टुलावर मांडी घालून बसली. काडीला नवा तुकडा लावला, पाण्यात सोडला. सवत कपारीच्या तोंडाशी घुटमळली. बराच वेळ आली नाही. मग आली. पर पसरले, अंग ताणलं. तिचा उजवा पाय मांडीखाली तडफडला, पण वर डावा पाय होता, जायला वाट नव्हती. झेप आली. काडीला हिसका बसला आणि तुकडा दिसेनासा झाला.

"गिळला?" सासूबाईंनी विचारलं.

"गिळला!"

दुसरा तुकडा गिळला. तिसराही गिळला. सवतीचं पोट चांगलं टम्म झालं, आणि ती काचेपाशी येऊन आणखी मागू लागली. "पुरे आता, हावरट!" ती म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की काडी हातात घेऊन ती तशीच बसून राहिली. शेंगांची परात सासूबाईंच्या मांडीवरून घसरली तरी दोघींचं तिकडे लक्ष नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. तो सासूबाईंच्या हाताशी होता. त्यांनी तो उचलला आणि नेहमीप्रमाणे आवाज मोठा केला.

"आई? ती जेवली का?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने त्यांच्याकडे. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"कुठली जेवतेय! तोंड उघडायला तयार नाही. पोट पाठीला लागलंय रे. तू ये बाबा, आता तुझ्याशिवाय काही व्हायचं नाही."

"मग मी उद्याच अर्ज टाकतो. शनिवारपर्यंत पोचतो."

शनिवारपर्यंत! टेबलावरचे कपडे आवरायला हवेत, हे पहिलं मनात आलं. आणि दुसरं आलं ते हे, की तो दारातून आत येईल, बॅग खांद्यावर तशीच, आणि सरळ टाकीपाशी जाऊन वाकेल. मग वळून म्हणेल, बाकी काय?

तिने हात पुढे केला. सासूबाई फोन द्यायला तयार नव्हत्या. नको, नको, अशी मान हलवत होत्या. तिने तो काढूनच घेतला.

"अहो, आई खोटं सांगतायत. जेवली ती. आत्ताच. तीन तुकडे."

"काय सांगतेस!" तो ओरडलाच. "शाब्बास! अगं, केलंस तरी काय? म्हणजे आता काळजीच मिटली. मग रजेचं मी आता..."

तो बोलता बोलता थांबला. फोनमध्ये लांबवर कुठल्यातरी क्रेनचा भोंगा वाजला. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

तिचा उजवा पाय मांडीतून सुटून खाली जमीन शोधू लागला. तिने तो हाताने धरला आणि पुन्हा वर घेतला.

"तुम्ही गेल्यापासून रोज विचारता, ती जेवली का," ती म्हणाली. ती थांबली नाही. "रोज. मी तापाने पडले होते तेव्हाही आधी तेच विचारलंत. मी रोज उत्तर दिलं. आज तिचं पोट भरलंय. आता पुढचं विचारा."

फोन कट झाला की काय म्हणून तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"तू जेवलीस का?" त्याने विचारलं. अगदी हळू.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यापासून नीट जेवलेच नाहीये. या आता."